नटांची आत्मकथने आणि अभिनयविद्येचा इतिहास

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना नाटकांच्या संहिता, वृत्तपत्रांतील परीक्षणे आणि नाटक मंडळ्यांचे वृत्तांत ही साधने अभ्यासक प्रथम हाती घेतो. नटनटींनी स्वतः लिहिलेल्या ग्रंथांकडे मात्र बहुधा रंजक आठवणी म्हणून, अथवा एखाद्या गाजलेल्या कलहातील एका पक्षाची कैफियत म्हणून पाहिले जाते. या ग्रंथांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो. मराठी नटाने आपले जीवन सांगितले, आपली विद्या सांगितली नाही, असा त्या आक्षेपाचा आशय होय. हा आक्षेप कितपत टिकतो हे पाहावयाचे तर हे ग्रंथ केव्हा व का लिहिले गेले, येथूनच विचारास आरंभ केला पाहिजे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या आरंभकाळाची हकीकत त्यांनी १८८५ च्या ‘नाट्यकवितासंग्रहा’च्या प्रस्तावनेत नमूद केली. पुढे अप्पाजी विष्णु कुळकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमि’ हा ग्रंथ १९०३ मध्ये निघाला, आणि किर्लोस्कर मंडळीशी संबद्ध असलेले शंकर बापूजी मुजुमदार यांनी अण्णासाहेब किर्लोस्करांचे चरित्र सिद्ध केले. परंतु १८८० च्या ‘शाकुंतला’पासून बोलपटाच्या उदयापर्यंत, म्हणजे मंडळ्यांच्या ऐन भरभराटीच्या काळात, नटाने स्वतःच्या कारकिर्दीचे सविस्तर कथन करण्याची प्रथा रुजलेली दिसत नाही.

याचे कारण मंडळीच्या रचनेत सापडते. मंडळी ही नटाची शाळा होती आणि बिऱ्हाडही होते. लहान वयात दाखल झालेला मुलगा किरकोळ भूमिका करता करता विंगेतून थोरांचे काम पाहत असे, आणि तालमीत एकेका वाक्याची फेक गुरूच्या तोंडून ऐकून आपल्या गळ्यात बसवीत असे. ही विद्या मुखपरंपरेने चालत होती. गुरू आणि शिष्य एकाच छपराखाली नांदत असताना तिला ग्रंथाची गरज नव्हती. गोविंद बल्लाळ देवल यांनी नाटके लिहिली, त्याचप्रमाणे नटही घडविले. तथापि त्यांची अध्यापनपद्धती सांगणारा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ नाही. तालीम हेच तिचे माध्यम होते.

हे छप्पर १९३० नंतर कोसळू लागले. १९३१ मध्ये भारतात बोलपट अवतरला. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ प्रकाशित झाला, आणि त्यात नाटकी पेशातून आलेले गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले. १९३४ मध्ये बलवंत मंडळीच्या चालकांनी ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढून पाहिला, तर १९३५ मध्ये साक्षात बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर आले. यानंतर अल्पावधीतच तीन ग्रंथ लागोपाठ प्रसिद्ध झाले: टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ मध्ये, आणि गणपतराव बोडस यांची ‘माझी भूमिका’ व शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ ही दोन्ही १९४० मध्ये. ही सलगता केवळ योगायोगाची मानता येत नाही. तालीम देणारी संस्था मोडकळीस आली तेव्हा तिच्यात शिकलेल्यांना लेखणी हाती घ्यावीशी वाटली. आठवणी लिहिल्या गेल्या त्या विद्येचे जुने वाहन नाहीसे झाले म्हणून.

या दृष्टीने ‘माझी भूमिका’ वाचल्यास ती निव्वळ जीवनकथा राहत नाही. बोडस किर्लोस्कर मंडळीत वाढले. १९१३ मध्ये बालगंधर्व व टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. देवलांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संशयकल्लोळा’त त्यांनी फाल्गुनराव उभा केला, आणि १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तील सुधाकर. विनोदी संशयात्मा आणि शोकान्त मद्यपी अशा दोन टोकांच्या भूमिका करणारा नट जेव्हा आपल्या शिक्षणाविषयी लिहितो, तेव्हा देवलांच्या न लिहिलेल्या पाठाचा काही अंश त्याच्या पृष्ठांतून वाचकापर्यंत येतो. ‘भूमिका’ या शब्दाचे दोन्ही अर्थ, वठविलेले पात्र आणि घेतलेला पक्ष, शीर्षकात एकत्र नांदतात. वाचकानेही ते वेगळे करू नयेत.

चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ १९५७ मध्ये आले आणि १९५८ मध्ये त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. नटाच्या लेखनास वाङ्मयाच्या पंक्तीत स्थान मिळाल्याची ही महत्त्वाची खूण होय. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील घनश्याम गाजविणारे कोल्हटकर १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बलवंत मंडळीचे एक चालकही होते. येथे मात्र अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. बोडस काय किंवा कोल्हटकर काय, दोघांनीही मंडळीकडे नटाच्या तसेच भागीदाराच्या नजरेने पाहिले. पगारी दुय्यम नट, तबलजी, पडदे ओढणारा, आचारी यांची बाजू अशा ग्रंथांत आली तरी दुसऱ्याच्या तोंडून येते. वर्षानुवर्षांनी लिहिलेल्या आठवणीत तिथी चुकू शकतात, आणि त्या अन्य कागदपत्रांवरून तपासता येतात. जी बाजू मुळी लिहिलीच गेली नाही तिची भरपाई करणे त्याहून कठीण आहे.

ही उणीव काही अंशी नटींच्या ग्रंथांनी भरून काढली. बंगाली रंगभूमीवरील विनोदिनी दासी यांनी १९१२ मध्येच आपली कथा प्रसिद्ध केली होती. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका दीर्घकाळ पुरुषांकडे राहिल्यामुळे येथे नटीचा आवाज प्रामुख्याने चित्रपटाच्या द्वारे आला. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये करारावरून प्रभातच्या दारात उपोषण केले, आणि पुढच्याच वर्षी पडद्याकडे ओढल्या जाणाऱ्या तरुणांपुढे त्या धंद्याचा हिशेब मांडला. त्यांच्या पुस्तकात नटीचे शरीर व श्रम ही भांडवलाची सामग्री कशी होते याचे विवेचन आहे. आत्मचरित्र किंवा अभिनयाचा पाठ यांपैकी कोणत्याच चौकटीत ते बसत नाही, आणि म्हणूनच नाट्येतिहासकारांच्या नजरेतून निसटते.

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये ग्रंथरूप झाले. त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केले. पुढे १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट निर्माण केला. दुर्गा खोटे यांचे ‘मी दुर्गा खोटे’ १९८२ चे. एकीने बालवयात कुटुंबाच्या पोटासाठी चेहऱ्याला रंग लावला. दुसरी सुशिक्षित, संपन्न घरातून आली, पण तिलाही मिळकतीची निकड येथे घेऊन आली. या दोन ग्रंथांत भूमिकेची पूर्वतयारी आणि घरखर्च एकमेकांपासून तोडता येत नाहीत. अभिनयाचे ज्ञान कोणत्या परिस्थितीत मिळविले गेले, हेही त्या ज्ञानाच्या इतिहासात मोडते.

राहिला शास्त्रग्रंथाचा प्रश्न. ज्या स्तानिस्लाव्हस्कीचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, त्याचेही आत्मकथन १९२४ मध्ये प्रथम आले. नटाच्या साधनेवरील त्याचा ग्रंथ १९३६ मध्ये इंग्रजीतून निघाला. के. नारायण काळे यांनी त्याची विचारसरणी मराठीत आणली, आणि काळे स्वतः नट व दिग्दर्शक होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. डॉ. श्रीराम लागू यांच्या बाबतीतही क्रम हाच दिसतो: ‘लमाण’ हे आत्मकथन २००४ मध्ये, आणि नाट्यविषयक लेख, भाषणे व मुलाखती एकत्र करणारा ‘रूपवेध’ २०१३ मध्ये. जगलेले आधी सांगावे आणि त्यातून तत्त्व वेगळे काढावे, अशीच या विद्येच्या लेखनाची वाट दिसते. मराठीत पहिला टप्पा विपुल झाला. दुसरा थोडक्यांनीच गाठला.

तेव्हा मराठी नटाने विद्या सांगितली नाही, हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्याने ती प्रसंगांत विखरून सांगितली. गुरूने कोणते वाक्य कसे म्हणावयास लावले, बोलपटाच्या ध्वनिग्राहकापुढे आवाज किती आवरावा लागला, पगार केव्हा थकला, यांसारख्या नोंदी ग्रंथवार वेचून एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम पदव्युत्तर संशोधनाच्या आटोक्यातील आहे. कोल्हटकरांबरोबर मंडळ्यांत वावरलेली पिढी आज हयात नाही. त्या तालमीत काय घडे, हे विचारावयाचे तर आता या पुस्तकांनाच विचारावे लागेल.