आचाऱ्यांचा र आणि आमच्या घरातलं लिनक्स

स्मरणिकेसाठी लेख दे, असा फोन आला तेव्हा समितीने एक अटही घातली: "तुझं ते कॉम्प्युटरचं नको, सगळ्यांना कळेल असं लिही." अट मोडते आहे. शाळा सुटल्यानंतर मी जवळून पाहिलेला इतिहास हा एवढाच आहे. शिवाय त्याचं एक टोक बाईंच्या शुद्धलेखनाच्या तासाला येऊन पोचतं.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये आपण सातवीत होतो. शाळेतला एकुलता एक संगणक भरतकामाच्या आच्छादनाखाली झोपलेला असे आणि त्या खोलीत चपला काढून जावं लागे. त्याच महिन्याच्या २५ तारखेला फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एका चर्चागटात कळवलं, की तो फुकट वाटायची एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो आहे, निव्वळ हौस म्हणून. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कीबोर्ड, पडदा, डिस्क आणि बाकीचे सगळे प्रोग्राम सांभाळणारा मूळ प्रोग्राम. लिनसने ३८६ जातीचा संगणक हप्त्यांवर घेतला होता. त्यावर तो मिनिक्स वापरायचा. ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी लिहिलेली ती सिस्टिम. घरून फोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी बोलता यावं म्हणून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. मग फाइली उतरवून घ्याव्याशा वाटल्या, म्हणून डिस्कशी बोलणारा भाग लिहिला. असं करत करत त्या प्रोग्रामचीच ऑपरेटिंग सिस्टिम झाली. सप्टेंबरमध्ये निघालेली पहिली आवृत्ती साधारण दहा हजार ओळींची होती. तिचं नाव त्याने 'फ्रीक्स' ठरवलं होतं. पण ज्याने ती सर्व्हरवर ठेवली, त्या आरी लेमकेने फोल्डरला 'लिनक्स' नाव दिलं आणि तेच चिकटलं.

हे झालं फक्त गाभ्याचं. भोवतीची पुष्कळशी अवजारं अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आधीच तयार झाली होती. स्टॉलमन यांचं म्हणणं, प्रोग्राम ज्याच्या हातात आहे त्याला तो उघडून बघता आणि बदलता आला पाहिजे. त्यासाठी त्यांनी परवाना लिहिला: घ्या, वापरा, बदला, हवं तर विका, पण पुढे देताना मूळ कोड आणि हेच हक्क पुढच्यालाही द्या. लिनसच्या सुरुवातीच्या अटींमध्ये पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ मध्ये त्याने ती अट सोडून स्टॉलमन यांचा परवाना लावला. मला विचाराल तर त्या दहा हजार ओळींपेक्षा हा निर्णय मोठा. कारण त्यामुळेच पुढे कुणीही सीडी छापून विकू शकलं, आणि आपल्याकडे पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबत ती पुस्तकांच्या दुकानात आली. डायलअपवर सहाशे एमबी उतरवणं आपल्याला या जन्मी जमलं नसतं.

१९९९ मध्ये तशी एक सीडी माझ्या हातात पडली. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून असेंबल केलेला संगणक घेतला होता. ६४ एमबी मेमरी, ४.३ जीबीची डिस्क. मी इंजिनिअरिंगला होते आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री होती. लिनक्सला जागा करायला डिस्कचे भाग पाडावे लागत. मी जो भाग पुसला, त्यात आमच्या हाउसिंग सोसायटीचा आठ महिन्यांचा हिशेब होता. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी.

पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त 'एल आय' ही दोन अक्षरं उमटली आणि संगणक थिजला. तेव्हा लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिलो. तो एकेक टप्पा पार पडला की आपल्या नावातलं एकेक अक्षर छापायचा. कितव्या अक्षरावर अडकला त्यावरून दोष कुठे ते ओळखायचं. हे ज्ञान मला नंतर झालं. त्या रात्री मी ती दोन अक्षरं बघत रडत बसले होते.

बाबा ओरडले नाहीत, ते जास्त अवघड गेलं. पंधरा दिवस रोज जेवणं झाल्यावर मी पावत्या वाचून दाखवायची आणि ते टाइप करायचे. पुढे माझ्या वाचनात आलं, की खुद्द लिनसनेही एकदा मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच फोन लावला आणि स्वतःचं मिनिक्स उडवलं. त्यानंतर तो पुरता लिनक्सवर आला. मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्याकडे सोसायटीचा हिशेब नव्हता."

तरी त्यांनी लिनक्स काढून टाकायला लावलं नाही. फक्त फ्लॉपीवर प्रत घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलं. मग मी मॉनिटरच्या माहितीपत्रकातले आकडे फाइलीत भरून पडदा नीट केला. आतला मोडेम विंडोजशिवाय चालेना, म्हणून बाहेरचा घेतला. गाभाही स्वतः बांधून पाहिला. आधी तो शेकडो प्रश्न विचारतो: हे कार्ड आहे का, ते हवं का? उत्तरं द्यायची आणि यंत्र घरघरत ठेवून झोपायचं. एका प्रश्नाला चुकून 'नाही' म्हटलं आणि महिनाभर आमचा संगणक मुका होता. आईला ते बरंच वाटलं.

एका गोष्टीसाठी मात्र बाबा विंडोजकडे परत जायचे, ती म्हणजे मराठी नोटिसा. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर नोटीस म्हणजे नुसता चिन्हांचा कचरा. खरा उपाय १९९१ मध्येच निघाला होता. त्या वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात भारतीय इस्की मानकाच्या आधाराने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. पण क्रमांकाने भागत नाही. पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसावी लागते आधी. जोडाक्षरं जोडावी लागतात. लिनक्सवर हे काम पँगोसारख्या प्रोग्रामांनी केलं, आणि मेनू आपल्या भाषांत आणायला मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्ससारखे स्वयंसेवकांचे गट राबले. आपली भाषा आणायला कुणाची परवानगी लागली नाही. 'फाइल'ला 'धारिका' म्हणायचा आग्रह मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही, पण ते असो.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू निघालं. मागणी नोंदवली की ते जगभर फुकट सीडी पाठवत. पुढच्या वर्षी आमच्याकडे परदेशी पाकीट आलं, तेव्हा बाबांनी पोस्टमनला आधी विचारलं, किती द्यायचे? त्या सीडीने घरातलं मराठी सुरळीत झालं. बाबांनी वर्धापनदिनाच्या जेवणाची नोटीस टाइप केली, आणि मला हाक मारली. "अगं, हे काय? 'आचार्यांना दोन हजार रुपये आगाऊ.' आचार्य अत्रे येणार आहेत का आपल्याकडे पुऱ्या तळायला?"

सूर्य आणि सुऱ्या, आचार्य आणि आचारी: बाईंनी फळ्यावर दोन रकाने करून घोटून घेतलेला फरक. एकात रफार, दुसऱ्यात अर्धा र. आपल्या मराठीचं त्याशिवाय चालत नाही. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की रफारच येतो. अर्धा र हवा असेल तर खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो, आणि इनस्क्रिप्ट मांडणीत तो शिफ्ट दाबून र च्या बटणावर मिळतो. बाबांची बोटं ऑफिसातल्या गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर घडलेली. सांगून त्यांच्या लक्षात राहीना.

लिनक्समध्ये कीबोर्डची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत असते. प्रत घेऊन ती उघडली. बाबांना कधीच न लागणाऱ्या एका बटणाची ओळ शोधली आणि तिथे ऱ चा क्रमांक लिहिला. सगळी मांडणी टाइपरायटरसारखी काही करता आली नाही, पण हे जमलं. कोणतं बटण ते विसरू नये म्हणून आईच्या पाकिटातली लाल टिकली त्यावर चिकटवली. नोटीस 'आचाऱ्यांना' अशी छापून जिन्याशी लागली. टिकली झिजली की आई नवी लावायची.

मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा गेल्या आठवड्यात गटावर आला. शेवटची ओळ आहे, 'आचार्यांचे आभार'. ते व्यासपीठावर बसणाऱ्या सरांचे आणि बाईंचे, की मागच्या अंगणात जिलब्या तळणाऱ्यांचे, एवढं समितीने छापायला देण्याआधी कळवावं.