‘रिकामी’ डिझेल टाकी छोट्या ट्रॅक्टरनं हलवताय? आधी ही दोन गणितं करा

सातारा-सांगली पट्ट्यातल्या एखाद्या बंद पडलेल्या खडी क्रशरवर, ट्रान्सपोर्टच्या आवारात किंवा जुन्या वस्तीवर गेलात, तर कोपऱ्यात गंजत पडलेली डिझेलची लोखंडी टाकी हमखास दिसते. या भागाचं आणि डिझेलचं नातं जुनं आहे. विहिरींवर विजेच्या मोटारी येण्याआधी सातारच्या कूपर आणि किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनांनी इथली शेती भिजवली. पुढं ट्रक आले, उसाच्या वाहतुकीचे ट्रॅक्टर आले, जेसीबी आले आणि त्यांच्यासोबत डिझेल साठवायच्या टाक्याही आल्या.

आता जागा मोकळी करायची असते. द्राक्षाच्या मांडवाखाली चालवायला घेतलेला २०-२८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर दारात उभाच असतो. मग कोणीतरी म्हणतं, “रिकामीच तर आहे, साखळी लावू आणि ओढू.”

या वाक्यातला ‘रिकामी’ हा शब्दच घात करतो. टाकीत न दिसणाऱ्या दोन गोष्टी शिल्लक असतात, वाफ आणि वजन. ट्रॅक्टरला किल्ली लावायच्या आधी या दोन्हींचा हिशोब करायला हवा.

डिझेल तर लगेच पेटत नाही, मग भीती कसली?

काडी टाकली तरी डिझेल पेटत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. थंड डिझेलच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण पेटतं ते द्रव डिझेल नसतं, त्याची वाफ पेटते. ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ तयार होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो.

एप्रिल-मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. उन्हात तापलेला लोखंडी पत्रा तर त्याहून गरम असतो. म्हणजे भर उन्हात पडलेल्या टाकीच्या तळाशी थोडंसं डिझेल असेल, तर आत ठिणगीची वाट बघणारी वाफ असू शकते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, म्हणून तीच जास्त धोक्याची. त्यात आधी कधी पेट्रोल भरलं असेल, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून ‘आधी कापू, मग तुकडे नेऊ’ हा विचार डोक्यातून काढून टाका. गॅस कटर, वेल्डिंग, ग्राइंडर यांपैकी काहीही त्या टाकीला लावायचं नाही. टाकी धुतली तरी गंजाच्या पापुद्र्यात आणि तळाच्या गाळात मुरलेलं डिझेल उष्णता लागली की पुन्हा वाफ सोडतं. पेट्रोलियम नियम, २००२ नुसारही आतलं इंधन आणि ज्वलनशील वाफ काढून टाकल्याशिवाय अशा टाकीची दुरुस्ती करता येत नाही. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे.

आणखी एक, टाकीत माणूस उतरवायचा नाही. बंद टाकीतला गंज आतला ऑक्सिजन खातो, वाफ उरलेली हवा बाजूला सारते. आत गेलेला माणूस ओरडायच्या आधीच बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

वजन कसं काढायचं?

सोपा हिशोब आहे. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल, तर त्याचं वजन सुमारे ७.८५ किलो भरतं. ५ मिलिमीटरचा पत्रा असेल, तर चौरस मीटरला साधारण ४० किलो.

- छोटी टाकी: १ मीटर व्यास, सव्वा मीटर लांबी, ३ मिलिमीटर पत्रा. क्षमता साधारण १,००० लिटर, वजन सुमारे १३० किलो.
- मोठी टाकी: दीड मीटर व्यास, ३ मीटर लांबी, ५ मिलिमीटर पत्रा. क्षमता सुमारे ५,३०० लिटर, वजन जवळपास ७०० किलो. पाय, झाकण आणि पाइपचं वजन वेगळं.

आता आतला गाळ बघा. या मोठ्या आडव्या टाकीच्या तळाशी फक्त १५ सेंटीमीटर उंचीचं डिझेल-पाणी उरलं असेल, तरी ते सुमारे पावणेतीनशे लिटर होतं. म्हणजे ‘रिकामी’ टाकी टनाजवळ गेली. शिवाय टाकी तिरकी झाली की हे सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि तोल बदलतो.

ट्रॅक्टर ७५० किलो उचलतो ना?

छोट्या ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात हायड्रोलिकची क्षमता बहुतेक वेळा ७५० किलोच्या आसपास लिहिलेली असते. पण तो आकडा मागच्या लिंकच्या टोकापाशी मोजलेला असतो. टाकी गोल आणि मोठी, तिचं वजन त्याहून बरंच मागं पडतं. आणि हायड्रोलिकनं उचललं म्हणजे ट्रॅक्टरला ते पेललं असं होत नाही.

समजा, ट्रॅक्टर ८०० किलोचा आहे. त्यातलं साधारण ४० टक्के, म्हणजे ३२० किलो वजन पुढच्या चाकांवर आहे. दोन्ही चाकांमधलं अंतर दीड मीटर आहे. आता मागच्या चाकाच्या आसापासून १.२ मीटर मागं ४०० किलो वजन टांगलं, तर पुढच्या चाकांवरचं बरोबर ३२० किलो वजन कमी होतं. म्हणजे पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली. स्टेअरिंग फिरवून उपयोग नाही आणि छोटा खड्डा लागला तरी तोंड वर. माहितीपत्रकातल्या क्षमतेच्या निम्म्याच्या जवळपास वजनावर ही वेळ येते.

मग टांगायची नाही, ओढायची?

ओढण्यातही एक चूक जीव घेते. ओल्या रानातून उसाची ट्रॉली काढताना पुढची चाकं उचललेल्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. साखळी मागच्या आसाच्या वर, म्हणजे टॉप लिंकच्या जागी बांधली आणि टाकी कुठं अडकली, तर चाकं फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच स्वतःभोवती मागं उलटतो. सगळा खेळ दीड सेकंदाच्या आत संपतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून साखळी कायम खालच्या ड्रॉबारलाच. नायलॉनचा दोर वापरू नका. तो ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

जमिनीवरून घासत ओढायला टाकीच्या वजनाच्या साधारण निम्मा जोर लागतो. ७०० किलोच्या टाकीला ३५० किलोचा जोर ही छोट्या ट्रॅक्टरची कोरड्या, कडक जमिनीवरची जवळपास शेवटची हद्द आहे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पाऊस झाला असेल, तर विषयच सोडा. तीच टाकी चाकांवर, म्हणजे कमी उंचीच्या ट्रॉलीवर ठेवली, तर कडक रस्त्यावर लागणारा जोर कितीतरी कमी होतो.

काम कोणत्या क्रमानं करायचं?

१. सकाळी, ऊन चढायच्या आधी काम सुरू करा. बिडी, सिगारेट, मोबाइल टाकीपासून लांब. आत बघायला साधा बल्ब सोडू नका. या टप्प्यावर ट्रॅक्टरही लांब आणि बंद.

२. तळाचं डिझेल आणि गाळ हातानं फिरवायच्या बॅरल पंपानं लोखंडी बॅरलमध्ये काढा. विजेची साधी मोटर लावायची नाही.

३. काढलेला गाळ ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तो घातक कचऱ्यात मोडतो आणि परवानाधारक व्यावसायिकालाच द्यावा लागतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सातारा किंवा सांगलीच्या कार्यालयात चौकशी करा.

४. सगळी तोंडं बुचानं बंद करा. सगळ्यात वरच्या बुचाला फक्त एक बारीक छिद्र ठेवा, म्हणजे उन्हानं आत दाब वाढणार नाही. वाफ मारायला म्हणून पाणी भरून टाकी हलवू नका. ५,३०० लिटर पाणी म्हणजे पाच टनांहून जास्त वजन.

५. गोल टाकी सैल करायच्या आधी दोन्ही बाजूंना दगड किंवा लाकडी पाचरी लावा. उताराच्या बाजूला कोणीही उभं राहू नये.

६. वाट आधी चालून बघा. खड्डे, चर, पाइपलाइन आणि मुख्य म्हणजे वरून गेलेल्या, झोळ पडलेल्या विजेच्या तारा.

७. टाकी ट्रॉलीवर चढवायला चेनपुली किंवा हायड्रा वापरा. दोन्ही बाजूंनी आवळून बांधा. टाकीवर किंवा ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही.

८. ट्रॅक्टर पहिल्या गियरमध्ये, झटका न देता चालवा. मांडवाखाली जायला खाली पाडलेला रोल बार वर करा आणि सीटबेल्ट लावा. उतारावर आडवं जाऊ नका.

९. इशारा करणारा माणूस एकच. तो चालकाला दिसेल असा आणि ओढल्या जाणाऱ्या साखळीच्या लांबीपेक्षा लांब.

नाही कधी म्हणायचं?

रिकाम्या टाकीचं वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असेल, जमीन ओली असेल किंवा पाटण-जावळीसारखा डोंगरउतार असेल, तर छोटा ट्रॅक्टर बाजूला ठेवा आणि हायड्रा बोलवा. टाकी जमिनीत पुरलेली असेल, तर हे काम तज्ज्ञांचंच.

आणि पुन्हा डिझेल साठवायचा विचार असेल, तर पेट्रोलियम कायद्याची मर्यादा लक्षात ठेवा. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि १,००० लिटरपेक्षा मोठी एकही टाकी नसेल, तरच डिझेलच्या साठ्याला परवाना लागत नाही.

काही बिघडलंच, तर आगीसाठी १०१, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. घरी छोटा ट्रॅक्टर आणि कोपऱ्यात अशी टाकी असेल, तर आज फक्त एक टेप घ्या. व्यास, लांबी आणि पत्र्याची जाडी मोजा. साखळी कुठं बांधायची, हा प्रश्न त्यानंतरचा.