घरची हमी आणि राज्याची सीमा

पेडणे आणि डिचोली या महालांतील जुन्या मराठी घराण्यांना सीमा ही गोष्ट नवी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली आणि सत्तरी सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेल्या, १७८८ मध्ये पेडणेही गेले आणि या मुलखाला नव्या काबिजादी असे नाव पडले. सोयरिकी मात्र तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर राहिल्या. १९६१ पर्यंत ही रेषा दोन देशांची होती, नंतर संघप्रदेशाची झाली आणि ३० मे १९८७ पासून ती दोन राज्यांमधली आहे. अशा घरातील एखाद्यास व्यसन जडले, त्यापायी हातून गुन्हा घडला आणि न्यायालयाने त्यास तुरुंगात न धाडता परिवीक्षेवर सोडले, तर त्याची देखरेख एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येते काय? प्रश्न वकिली दिसतो खरा. पण त्याची मुळे शोधू गेल्यास ती इतिहासात आणि घरात सापडतात.

परिवीक्षा म्हणजे शिक्षा राखून ठेवून, बंधपत्रावर आणि बहुधा एखाद्या अधिकाऱ्याच्या नजरेखाली अपराध्यास समाजात राहू देणे. तिचा उगमच मुळी दारूच्या प्रश्नातून झाला. ऑगस्ट १८४१ मध्ये बॉस्टनच्या पोलीस न्यायालयात एक अट्टल दारुडा आरोपी म्हणून उभा केला गेला. जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा कारागीर तेथे हजर होता. त्याने त्या मनुष्याशी चार शब्द बोलून त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी तो मनुष्य शुद्धीवर, नीटनेटका असा न्यायालयात परतला, तेव्हा त्यास दंड झाला तो एक सेंट आणि वर न्यायालयाचा खर्च. १८५९ मध्ये ऑगस्टस वारला, तोवर तो सुमारे दोन हजार माणसांना जामीन राहिला होता. इंग्लंडातही १८७६ मध्ये फ्रेडरिक रेनर या मुद्रकाने चर्चच्या मद्यपाननिषेधक मंडळाकडे पाच शिलिंग पाठवून, न्यायालयात येणाऱ्या दारुड्यांसाठी काही करा, अशी विनंती केली. त्यातून न्यायालयीन मिशनरी निघाले आणि पुढे १९०७ चा कायदा झाला. सरकार या कथेत फार उशिरा येते. आधी येतो तो एकाने दुसऱ्यासाठी उभे राहण्याचा प्रसंग.

आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५६२ वे कलम होते. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतंत्र कायदा केला; तेव्हा सावंतवाडी संस्थान होते आणि गोवा पोर्तुगिजांचा. संबंध देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला तो १९५८ मध्ये. त्याचे चौथे कलम बारकाईने वाचण्याजोगे आहे. अपराध्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे कायम वास्तव्य अथवा नियमित उद्योग कोठे आहे, हे पाहिल्यावाचून सुटका करू नये असे ते सांगते. आणि हे ठिकाण न्यायालयाच्या हद्दीत असावे, किंवा बंधपत्राच्या काळात अपराधी जेथे राहण्याचा संभव आहे तेथले असावे, असा पर्याय देते. या दुसऱ्या पर्यायात सीमेचा उल्लेखही नाही. बंधपत्रात राहण्याच्या जागेविषयी आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याविषयी अटी घालता येतात, हेही त्याच कलमात आहे. व्यसन आणि घर ही दोन्ही कायदेकर्त्यांच्या डोळ्यांपुढे होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तेराव्या कलमाचे दुसरे पोटकलम तर आणखी पुढे जाते. देखरेखीच्या आदेशात ज्या परिवीक्षा अधिकाऱ्याचे नाव असेल त्याच्या जागी दुसरा अधिकारी नेमण्याचा अधिकार आदेश देणाऱ्या न्यायालयास आहे, तसाच अपराधी त्या वेळी जेथे राहत असेल तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यासही आहे. आदेश म्हापशाचा असला आणि मुलगा बांद्यास आजोळी राहावयास गेला, तर सिंधुदुर्गाच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने तेथील अधिकारी नेमावा, असा अर्थ या शब्दांतून सरळ निघतो.

मात्र शब्द असणे निराळे आणि वाट असणे निराळे. बंदिवानास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलविण्यासाठी १९५० चा स्वतंत्र कायदा आहे. कोणत्या सरकारने कोणाची संमती घ्यावयाची हे त्यात लिहिले आहे. कोठडीतल्या मनुष्याच्या स्थलांतरासाठी राज्यांनी एकमेकांना पत्र कसे लिहावे हे ठरले. न्यायालयाने विश्वास टाकून मोकळ्या सोडलेल्या मनुष्यासाठी तसे ठरले नाही. याला आम्ही केवळ विसर म्हणणार नाही. तुरुंग हा सरकारचा भार असतो आणि परिवीक्षेवरील मनुष्य हा कुटुंबाचा, अशी समजूत त्यामागे असावी.

अमेरिकेत, जेथे आपल्यापैकी अनेकांची नातवंडे आहेत, हे काम निराळ्या रीतीने झाले. १९३४ मध्ये तेथील काँग्रेसने राज्यांना आपसांत असे करार करण्यास अनुमती दिली, १९३७ मध्ये करार झाला आणि २००२ मध्ये त्याची जागा नव्या कराराने घेतली. अपराध्याचे कुटुंब दुसऱ्या राज्यात असून त्यास आधार देण्यास तयार असेल आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर ते राज्य त्यास नाकारू शकत नाही. चौकशीस पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. नातेवाइकाची तयारी तेथे नियमाचा भाग झाली आहे.

अमली पदार्थांच्या बाबतीत आपला मार्ग अधिक अरुंद आहे. १९८५ च्या कायद्याचे ३३ वे कलम परिवीक्षेचा सामान्य लाभ अठरा वर्षांखालील मुलांपुरता आणि सेवनासारख्या मोजक्या अपराधांपुरता ठेवते. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात मात्र एक दार आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या अपराधात दोषी ठरलेल्या व्यसनी मनुष्यास, त्याच्या संमतीने, शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेत उपचारासाठी सोडता येते. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे आला आणि तो समाधानकारक वाटला, तर समज देऊन पुढील तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सुटका होऊ शकते. संस्था त्याच राज्यातील असावी असे हे कलम म्हणत नाही. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था १९८० पासून आहे, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण उभे केले. सिंधुदुर्गातील रुग्ण वर्षानुवर्षे बांबोळीस येतात. व्याधीला सीमा अडवीत नाही. अडतो तो कागद.

पेडण्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या हॉटेलात काम करणारा वाडीचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. आदेशाच्या दिवशी घरचे त्यास घेऊन जाण्याच्या घाईत असतात आणि वास्तव्याची अट कशी लिहिली गेली हे कोणी पाहत नाही. पुढे ती बदलावयाची तर आठव्या कलमान्वये अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याने करावयाचा असतो; आईने केलेला अर्ज त्या कलमाखाली चालत नाही. घराण्याच्या नावास बट्टा लागेल म्हणून त्या अधिकाऱ्याला उंबरठ्याबाहेरून परत पाठविणारी घरे आम्ही पाहिली आहेत. प्रतिष्ठेची ही राखण मुलाला फार महाग पडते, कारण चौथ्या कलमाखाली न्यायालयापुढे जाणारा अहवाल त्याच अधिकाऱ्याचा असतो.

पेडणे-सावंतवाडीच्या कुटुंबांना एक सोय अशी आहे की गोवा आणि महाराष्ट्र या दोहोंवर मुंबई उच्च न्यायालयच आहे. गोव्याचे खंडपीठ १९८२ पासूनचे, आणि सिंधुदुर्गाची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. दोन्हीकडच्या दंडाधिकाऱ्यांत एकमत न झाल्यास दाद एकाच उच्च न्यायालयाकडे मागता येते. बेळगावच्या मराठी घरांना हे भाग्य नाही. तेथे उच्च न्यायालयही निराळे.

व्यसनी मनुष्य पुन्हा घसरतो, हे उपचार करणारे सांगतात आणि १९५८ च्या कायद्यालाही ते ठाऊक असावे. नवव्या कलमाप्रमाणे अट मोडल्यास मूळ अपराधाची शिक्षा देता येते. परंतु पहिल्याच खेपेस बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंडावर भागविण्याची मुभाही न्यायालयास आहे. यांपैकी काय घडेल हे पुष्कळदा अधिकाऱ्याच्या अहवालावर ठरते. अधिकारी गोव्यात आणि मुलगा बांद्यास असेल, तर त्या अहवालात एवढेच येईल की अमुक तारखेस तो हजर झाला नाही. अधिकारी सिंधुदुर्गातला असेल, तर तो घरी जाऊन आईला विचारील की त्या आठवड्यात काय झाले होते.