पेटीतलं दफ्तर

घर आवरायला घेतलं की कपडे, भांडी, जुने मोबाइल यांचा निकाल तासाभरात लागतो. गाडी अडते ती कागदांपाशी. आवराआवरीवर पुस्तकं लिहून जगभर नाव कमावलेल्या जपानच्या मारी कोंडो बाईंचा कागदांबाबतचा नियम एकदम सोपा आहे : सगळे टाकायचेच आहेत असं धरून सुरुवात करा. बाईंचं बरोबर असेलही, पण त्यांनी हिंगोली जिल्ह्यातली लोखंडी पेटी पाहिलेली नाही!

आमच्याकडे जुन्या घरांत ही पेटी असतेच. तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. यात अडाणीपणा काही नाही बरं का. 'दफ्तर' हा शब्दच फारसीतून आलेला, आणि पेशवाईतले कागदही कापडातच बांधलेले असत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा एकेका गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. म्हणजे आजोबांचं गाठोडं ही सरकारी पद्धतीचीच घरगुती आवृत्ती.

आता कळमनुरी तालुक्यातलं कुठलंही एक गाव घ्या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ते निजामाच्या राज्यात होतं. मग भारतातल्या हैदराबाद राज्यात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात, आणि 1 मे 1999 ला परभणीतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात. गाव जागचं इंचभर हललं नाही, पण कागदावरचा पत्ता चारदा बदलला.

बरं, नुसता पत्ताच नाही. निजामाच्या राज्यात 1880च्या दशकात फारसी जाऊन उर्दू ही सरकारी कामकाजाची भाषा झाली. गावातले हिशेब, खतं बहुतेक मोडीत. साल फसली, 1342 लिहिलेलं दिसलं तर त्यात 590 मिळवायचे, म्हणजे 1932 येतं. रुपयासुद्धा वेगळा. हैदराबादचा हाली सिक्का, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम पुन्हा पुन्हा बदलली, फॉरमॅट बदलले, आणि अशा प्रत्येक वेळी सगळा डेटा नीट पोचतोच असं नाही. पेटी हा घरचा बॅकअप होता.

हे बॅकअप प्रकरण किती गंभीर आहे ते 2023 साली सगळ्यांनी पाहिलं. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासायची पद्धत ठरवायला त्या सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. महसुली कागद, शाळेतले दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी धुंडाळल्या गेल्या. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे आणखी एक शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मुद्दा एवढाच, की ज्या कारकुनाने ती नोंद लिहिली त्याला आणि ज्या म्हातारीने तो कागद जपला तिला, पुढे त्याला एवढी किंमत येईल हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

मग काय, सगळंच ठेवायचं? तसंही नाही. जो कागद वेळेवर सापडत नाही तो असून नसल्यासारखा. हे ओळखून 1980च्या दशकात अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीच शिस्तीत लावली. तोच प्रसिद्ध 'लखीना पॅटर्न'. सरकारी अभिलेखांची वर्गवारीही अशीच नेटकी आहे : 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षं, आणि 'ड' वर्षभरात रद्दी.

घरी मी याचं अजून सोपं रूप केलंय. प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा : तुझी दुसरी प्रत कुठे मिळेल? चालू सातबारा डिजिटल सहीसह ऑनलाइन निघतो, तेव्हा त्याच्या झेरॉक्सचा ढीग बिनदिक्कत जाऊ द्या. विजेची जुनी बिलंही गेली. 1954-55चं खासरा पत्रक, जुनं खरेदीखत, आजोबांचा शाळेचा दाखला मात्र कायम 'अ' वर्गात. (आमच्या पेटीत पोस्टातून काढलेला रेडिओचा परवानाही निघाला. कामाचा काही नाही, पण तो टाकायला आईच तयार नाही. असो.)

आणि जो कागद वाचताच येत नाही त्याचं काय? तो टाकायचा नाही, तो वाचून घ्यायचा. खरी घाई आहे ती इथे. निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. मोडी घरी शिकलेलेही तेवढेच. कागद अजून वीस वर्षं टिकेल, ती माणसं टिकणार नाहीत. म्हणून पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर आधी गंजलेल्या टाचण्या काढा, लॅमिनेशनचा मोह टाळा, फोटो काढा, आणि गल्लीतल्या एखाद्या आजोबांच्या शेजारी तासभर बसा. ते जे सांगतील ते साध्या मराठीत पाकिटावर लिहून ठेवा : कोणाचा कागद, कोणतं साल, कशाबद्दल.