सदोममध्ये बूट नव्हते

पायाखाली चिकणमाती आहे. पिवळी, ओलसर, बुटाला धरून ठेवणारी. १९२२चा उन्हाळा. अजून नीट उजाडलेलं नाही आणि तुम्ही व्हिएन्नाच्या दक्षिण टोकाला, लाअरबर्ग नावाची टेकडी चढताय. पुढे माणसं, मागे माणसं. कुणी बोलत नाही. रिकाम्या पोटी चढ चढताना बोलायला दम उरत नाही.

टेकडी ठिकठिकाणी खरवडून नेलेली आहे. वीटभट्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथली माती उपसली. खाली धुक्यात दिसणारं शहर, त्यातल्या कितीतरी इमारती इथल्याच विटांच्या. माती गेली, खड्डे उरले, खड्ड्यांत पाणी साठलं. आणि त्या पाण्यापलीकडे पहिल्या उजेडात मंदिर दिसतं. पायऱ्यांवर पायऱ्या, त्यांवर आणखी पायऱ्या. तुम्ही थबकता. मागचा माणूस तुमच्या पाठीवर आदळतो.

हे सदोम. बायबलमधलं, देवाने आग आणि गंधक बरसवून भस्म केलेलं शहर. भिंतीला हात लावून बघा. दगडाची वाटणारी भिंत पोकळ वाजते, बोटांना पांढरी भुकटी लागते. मागच्या बाजूला नुसते वासे, खिळे आणि दोरखंड. खऱ्या शहराला वीट देऊन देऊन पोखरलेल्या टेकडीवर आता चित्रपटासाठी प्लास्टरचं शहर उभं राहिलंय.

कपड्यांच्या रांगेत तुमच्या पुढे एक बाई आहे. चाळिशीची, गालांची कातडी उन्हाने लाल झालेली. "बूट काढून ठेवा," ती हळूच म्हणते. "सदोममध्ये बूट नव्हते." तिच्या बोलण्यात चेक हेल आहे. तिची आई बोहेमियातून आली आणि इथल्याच भट्टीवर राबली. आईला मजुरी मिळायची ती पत्र्याच्या बिल्ल्यांत. हे बिल्ले मालकाच्या दुकानाबाहेर कुणी घेत नसे. १८८८मध्ये व्हिक्टर आडलर या डॉक्टरने भट्ट्यांवर येऊन सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि छापलं, तेव्हा कुठे शहराला कळलं.

ती मूठ उघडून एक नोट दाखवते. नोटेवर साम्राज्याचा थाट तसाच आहे, पण साम्राज्य १९१८मध्येच संपलं. म्हणून नोटेवर आडवातिडवा लाल शिक्का मारलाय, जर्मन-ऑस्ट्रिया. "आईचे बिल्ले निदान उद्याही तेवढ्याच पावाचे असायचे," ती म्हणते. तुम्हाला ठाऊक आहे की येत्या ऑगस्टात एकाच महिन्यात किमती दुपटीहून जास्त चढणार आहेत. तिला सांगू नका. तिला आजचा पाव आजच आणायचा आहे.

टेकडीवर हजारो माणसं जमली आहेत ती यामुळेच. अनेकांना काम नाही, आणि इथे संध्याकाळी हातावर पैसे पडतात. साशा-फिल्म या चित्रपट कंपनीला माणसं इतकी स्वस्त मिळतात आणि चित्रपट परदेशात पक्क्या नाण्यात विकला जातो. ऑस्ट्रियात या काळात वर्षाला शंभराहून जास्त चित्रपट होताहेत, त्यामागे कलेइतकंच हे गणित आहे. क्रोन हे इथलं चलन स्थिरावल्यावर गणित फसेल, अमेरिकी चित्रपटांची रीघ लागेल आणि स्टुडिओ ओस पडतील.

तो बघा, गाडीतून उतरतोय तो धिप्पाड माणूस. काउंट साशा कोलोव्राट, कंपनीचा मालक. मोटारी आणि विमानांचं वेड असलेला सरदारपुत्र. युद्धाच्या काळात १९१६मध्ये त्याने झीफरिंगला स्टुडिओ उभारला आणि त्याच वर्षी म्हाताऱ्या सम्राटाची अंत्ययात्राही त्याच्या कंपनीने चित्रित केली. आता त्याला अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या तोडीचं काहीतरी भव्य हवं आहे. तो पाच वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने जाईल. आणि तो कर्णा तोंडाला लावून ओरडणारा सडपातळ माणूस म्हणजे दिग्दर्शक मिहाएल केर्टेस. बुडापेस्टहून १९१९मध्ये आलेला. हाच पुढे अमेरिकेत मायकेल कर्टिझ होऊन 'कासाब्लांका' करील.

कथा थोडक्यात अशी: मेरी नावाची मुलगी श्रीमंत, म्हाताऱ्या सट्टेबाजाशी लग्नाला तयार होते, पुरुषांना खेळवत जाते, आणि स्वप्नात स्वतःला सदोममध्ये लोटाच्या बायकोच्या रूपात पाहते. दोन्ही भूमिका लुसी डोरेन करते, केर्टेसची बायको. मला विचाराल तर कथेतल्या उपदेशात फार जीव नाही. जीव आहे तो पायऱ्यांवरच्या गर्दीत. ते चेहरे भुकेचा अभिनय करत नाहीत.

कॅमेरावाला हँडल फिरवून बघतोय. त्या फितीला लाल रंग कळत नाही, लाल तिच्यावर काळा उमटतो. म्हणून नट्यांचे चेहरे पांढरेफटक रंगवलेत. आपल्या बाईला कुणी रंगवत नाही. तिचे उन्हाने पोळलेले गाल पडद्यावर काळसर दिसतील. त्या नोटेवरचा शिक्कासुद्धा.

दुपारी इशारा होतो. मंदिर उडवायचं आहे, खऱ्या दारूने, आणि एकदाच. पळायचं, रडायचं, पण थांबायचं नाही. बायबलमधल्या लोटाला सदोममधून बाहेर काढताना देवदूतांनी हेच सांगितलं होतं: मागे वळून पाहू नका. त्याच्या बायकोने पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली.

जमीन हादरते. आवाज कानांत नाही, छातीत लागतो. प्लास्टरची ढेकळं हवेत उडतात, वासे मोडतात, पांढरी धूळ सूर्य झाकते. कुणीतरी खरोखर किंचाळतंय. या चित्रपटाच्या स्फोटांत माणसं जखमी झाली, आणि पडद्यावर किंकाळी ऐकू येत नाही. तुम्ही धावता. पायांना चिखल, खिळे, ऊन. गर्दीचा रेटा तुम्हाला पुढे ढकलतो.

आणि ती बाई थांबते. सगळे उतरणीकडे पळत असताना ती एकटीच मागे वळून उभी राहते. अंगावर, केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी, मिठासारखी. कर्ण्यातून ओरडा येतो, ती हलत नाही. कॅमेऱ्याचं हँडल फिरतंच आहे.

तुम्ही परतून तिचा दंड धरता. ती बोट दाखवते. जिथे सकाळी भिंत होती तिथे आता ढिगारा आहे, आणि तिने बूट त्याच भिंतीपाशी ठेवले होते.

धूळ बसेपर्यंत तुम्ही दोघं वासे उचलत राहता. एक सापडतो. दुसऱ्यासाठी ती गुडघ्यांवर बसते आणि हाताने उकरू लागते. आधी प्लास्टर निघतं, मग खालची पिवळी माती.