ऑफ-रोडिंगला जाताना गाडीत गॅसचा सिलिंडर ठेवावा का?

घाटकोपरहून पहाटे निघून कल्याण, मुरबाडमार्गे माळशेजच्या बाजूला फोर बाय फोर गाड्या घेऊन जाणारे अनेक जण आहेत. चिखलात किंवा वाळूत उतरण्यापूर्वी ते टायरमधली हवा कमी करतात. पण परत डांबरी रस्त्यावर आल्यावर ती हवा भरायची कशी? त्यासाठी काही जण गाडीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवतात.

हवा कमी का करतात?

दाब 32 वरून 18 पीएसआयवर आणला की टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि गाडी रुतत नाही. मात्र तशाच टायरवर हायवेला वेगाने गेल्यास टायर तापून फुटू शकतो. म्हणून मुख्य रस्त्याला लागण्याआधी हवा भरणे गरजेचे असते.

साधी हवा का नाही?

थारसारख्या गाडीच्या एका टायरला 18 वरून 32 पीएसआयवर नेण्यासाठी अंदाजे 67 लिटर हवा लागते. 10 बार दाबाच्या 10 लिटर टाकीत जेमतेम एका टायरपुरती हवा मावते. कार्बन डायऑक्साइड मात्र दाबाखाली द्रव होतो आणि 1 किलो द्रवापासून सुमारे 540 लिटर वायू मिळतो. म्हणजे चारही टायर अर्ध्या किलोत भरतात, तेही काही मिनिटांत.

धोका कुठे आहे?

30 अंश तापमानाला या सिलिंडरमधला दाब हजार पीएसआयच्या वर असतो. 31 अंशांनंतर आत द्रव उरत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी याहून कितीतरी जास्त तापते. अशा वेळी सिलिंडरची सुरक्षा चकती फुटून सगळा गॅस बाहेर येऊ शकतो.

एसयूव्हीच्या केबिनमध्ये साधारण 3000 लिटर हवा असते. त्यात फक्त 1 किलो गॅस गळला, तरी त्याचे प्रमाण 15 टक्क्यांच्या पुढे जाते. 4 टक्क्यांनाच जिवाला धोका सुरू होतो आणि 10 टक्क्यांच्या वर काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. या वायूला रंग नाही आणि सहज लक्षात येईल असा वासही नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्येही खाली साचतो.

नियम काय सांगतो?

भारतात गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू आहेत. सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह पेसो म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेने मान्य केलेला असावा लागतो. या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. परदेशातून मागवलेला, मान्यता नसलेला सिलिंडर येथे भरून देता येत नाही. दाब चाचणीची तारीख सिलिंडरवर कोरलेली असते, ती तपासा.

ठेवायचाच असेल तर

- सिलिंडर उभा आणि पक्का बांधा. आडवा असल्यास द्रव थेट नळीत येतो.
- रेग्युलेटरशिवाय वापरू नका.
- शक्यतो केबिनबाहेर, सावलीत ठेवा. घरी आल्यावर गाडीतून काढा.
- अग्निशामक सिलिंडर, ऑक्सिजन किंवा स्वयंपाकाचा गॅस टायरमध्ये कधीही भरू नका.

मग सोपा पर्याय कोणता?

महिन्यातून एखाददुसऱ्या सहलीसाठी बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर पुरेसा आहे. तो वेळ घेतो, मध्ये थंड होऊ द्यावा लागतो. पण तो पुन्हा भरून आणावा लागत नाही आणि उन्हात त्याची काळजीही नसते. सिलिंडरची घाई अनेक गाड्यांच्या ताफ्यालाच परवडते.