नौकेची शाकारणी

अनगोळसारख्या घाटमाथ्यावरील गावी आयुष्य घालविलेल्या एका शिक्षकाने नौकांविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या गावास समुद्र नाही, खाडी नाही, नाव चालेल अशी मोठी नदीही नाही. तथापि बेळगावातून पश्चिमेस निघणारा रस्ता आजही वेंगुर्ल्याच्या नावाने ओळखला जातो, आणि रेल्वे येण्यापूर्वी या भागाचा पुष्कळसा माल वेंगुर्ला बंदरी उतरून आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून वर येत असे. समुद्राशी आमचे नाते इतके तरी जुने आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त मात्र अगदी घरगुती घडले. आमच्या शाळेच्या जुन्या कौलारू इमारतीचे वासे बदलून ती दुरुस्त करावी, की पाडून नवी स्लॅबची इमारत बांधावी, असा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात पडला. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, जुन्यावर खर्च म्हणजे पाण्यात पैसा. दुसरा म्हणे, असे सागवान आता मिळणार नाही. ही चर्चा ऐकताना मला एका शब्दाची आठवण झाली. आपण पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो. कोकणातील नाखवाही पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकतो, आणि या कामासही तो ‘शाकारणे’ असेच म्हणतो. घर आणि नौका यांस एकच क्रियापद लावणाऱ्या या भाषेने जुने राखावे की नवे घ्यावे या प्रश्नाचे काही उत्तर देऊन ठेविले असावे, असे मनात आले. त्या उत्तराचा इतिहासात शोध घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रश्न अर्थातच प्राचीन आहे. थीसिअसची नौका अथेन्सच्या लोकांनी जपून ठेविली होती. कुजलेली फळी काढून तेथे नवी बसवावी, असे करीत ती दीर्घकाळ राखिली. प्लुटार्क सांगतो की, ही नौका तीच राहिली की निराळी झाली, हा तत्त्वज्ञांच्या वादाचा विषय होऊन बसला होता. परंतु तत्त्वज्ञ वाद घालीत असताना कोणी सुतार दरवेळी फळी बदलीत होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते या विषयातील खरा नायक तो सुतार होय.

आपल्याकडे या विषयावरील सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’. पंत अमात्यांचे बावडे आमच्या निपाणी भागापासून फार दूर नाही, म्हणूनही या ग्रंथाविषयी मला विशेष आपुलकी वाटते. त्यातील आरमारविषयक प्रकरण आपण शिवकालीन राजनीतीचा नमुना म्हणून शिकवितो; पण एखाद्या व्यवहारी गृहस्थाने लिहिलेली जतनाची पद्धती म्हणून ते वाचले तर त्यात तीन सूत्रे स्पष्ट दिसतात.

पहिले सूत्र छावणीचे. समुद्र खवळण्यापूर्वी दहा-पंधरा दिवस आधीच आरमार सुरक्षित बंदरी छावणीस न्यावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे दरवर्षी काही महिने नौका कामावरून दूर राहणार, हे राज्याने गृहीतच धरले होते. दुसरे सूत्र लाकडाचे. सागवानादी उपयुक्त झाडे लागतील तेवढी हुजूरच्या परवानगीने तोडावी, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावी. आंबा-फणस ही झाडे आरमाराच्या कामाची खरी, परंतु त्यांस हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेले असेल, तर मात्र धन्यास राजी करून, मोबदला देऊन ते तोडावे. तिसरे सूत्र पैशाचे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आरमाराचा खर्च मुलखाच्या निश्चित वसुलातून नेमून द्यावा. समुद्रावरील अनिश्चित मिळकतीवर तो सोपवू नये, कारण तसे केल्यास सावकारांस उपद्रव होऊन व्यापार बुडतो. ज्या वस्तूचे रक्षण करावयाचे, तिलाच तिच्या रक्षणाचा पैसा मिळविण्यास लावू नये, असा याचा मथितार्थ आहे.

ही सूत्रे केवळ कागदावर नव्हती. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीकाठी खडक फोडून तयार केलेली गोदी आजही पाहावयास मिळते. तेथे उभे राहिले म्हणजे ध्यानी येते की, जहाज बांधणे हे पराक्रमाचे काम असेल, परंतु जहाज कोरडे करून त्याचे बूड तपासणे हे शिस्तीचे काम आहे, आणि त्यासाठी आपल्या पूर्वजांनी खडक फोडला होता.

या परंपरेवर मोठा घाव पडला तो इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत. तुळाजी आंग्रे यांचे पारिपत्य करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, आणि वॉटसन व क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. आग प्रथम लागली ती आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या एका जहाजास. त्याचे नाव ‘रेस्टोरेशन’, म्हणजे पुनःस्थापना, असे होते. पुढे पेशव्यांचे स्वतःचे आरमार याच विजयदुर्गी उभे राहिले आणि आनंदराव धुळपांनी ते नावारूपास आणिले. परंतु एका दिवसात जळालेले आरमार पुन्हा भरून काढण्यास किती हंगाम आणि किती हात लागतात, याचा हिशेब पुण्याच्या दरबारात त्या वेळी झाला असेल असे वाटत नाही. शत्रूचे म्हणून जे जाळले, ते मराठी सुतारांचेच काम होते.

याच सुमारास मुंबईच्या गोदीत दुसरी एक परंपरा वाढत होती. सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी मलबारी सागाची जहाजे बांधून इंग्लंडच्या नौदलास पुरविली. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते. सागातील तेल त्यांचे रक्षण करते. त्यामुळे मुंबईच्या जहाजांचा टिकाऊपणा सर्वत्र नावाजला गेला. यांपैकी ‘ट्रिंकोमली’ या जहाजाची हकीकत आपल्या विषयास फार उपयोगी आहे. त्याचे आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईस यावयाचे होते, परंतु इ. स. १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा ब्राझीलजवळ नाश केला आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमली’ मुंबईस पाण्यात उतरली.

ऐंशी वर्षांनंतर, १८९७ मध्ये, ही नौका मोडीत निघाली असता व्हीटली कॉब नावाच्या इंग्रज गृहस्थाने ती विकत घेतली. का, तर त्याची आधीची नौका नुकतीच बुडाली होती. ती ‘फूद्रॉयां’, म्हणजे नेल्सनचे एके काळचे निशाणजहाज. कॉबने तीही मोडणाऱ्यांच्या हातून सोडवून मोठ्या खर्चाने दुरुस्त केली होती. तो खर्च भरून निघावा म्हणून ती गावोगावच्या किनाऱ्यांवर प्रदर्शनासाठी फिरविली जात असता ब्लॅकपूल येथे वादळात सापडून फुटली. वस्तूच्या रक्षणाचा पैसा त्या वस्तूकडूनच मिळवू नये, हे आज्ञापत्राचे सूत्र कॉबला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ब्लॅकपूलच्या वाळूत मात्र त्यास त्याचे प्रत्यंतर आले.

नौका बुडाली तेव्हा कॉबने नवे जहाज बांधले नाही, दुसरे जुने घेतले, आणि त्यावर मुलांस नौकानयन शिकविण्याची सोय केली. पोर्टस्मथच्या बंदरात त्याच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ हे फ्रेंचांकडून १८०५ मध्ये जिंकलेले जहाज उभे असे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणास झेपेना. २ डिसेंबर १९४९ रोजी इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांची निशाणे लावून ते समुद्रात बुडविण्यात आले. मुंबईची सागवानी नौका मात्र राहिली. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला नेण्यात आली, तेथे १९९० पासून अकरा वर्षे तिचे काम चालले, आणि आज ती तेथे पाहता येते. तिच्यातील बरेचसे लाकूड अद्याप मुंबईत घडविलेले तेच आहे.

‘जावा’चा नाश करणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज विद्यमान आहे. तिचे मूळ लाकूड फारच थोडे उरले आहे. तरी अमेरिकेचे नौदल तिला आपल्या सेवेतीलच मानते. १९२५ मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी शाळकरी मुलांनी पैसा-पैसा जमविला होता. आणि पुढील दुरुस्त्यांस लागणारे ओकचे लाकूड मिळावे म्हणून त्या नौदलाने इंडियाना राज्यात झाडे राखून ठेविली आहेत. ही झाडे पाहून रामचंद्रपंतांना संतोष वाटला असता.

येथे कोणी म्हणेल, लाकडी नौकांचे ठीक आहे. पोलादी युद्धनौकेस फळी बदलण्याचा न्याय कसा लागू पडेल? म्हणून ‘विक्रांत’चे उदाहरण घेणे अवश्य आहे. ही नौका आपण जुनीच घेतली होती. इ. स. १९४३ मध्ये ब्रिटनने बांधावयास घेतलेले आणि महायुद्ध संपल्यावर अपुरे राहिलेले हे जहाज भारताने १९५७ मध्ये विकत घेतले, बेलफास्ट येथे पुरे करविले आणि ४ मार्च १९६१ रोजी सेवेत घेतले. १९७१ च्या युद्धात तिचा एक बाष्पक तडकलेला होता, वेग कमी झाला होता. तरी तिच्या विमानांनी बंगालच्या उपसागरात आपली कामगिरी चोख बजावली. जुनी वस्तू जाणत्या हातांत असली तर तिच्या दोषासकट ती कामास येते, याहून निराळा पुरावा नको.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवानिवृत्त झाली आणि पुढे तिचे तरंगते संग्रहालय झाले. मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मुंबईस गेलो असता ती पाहिली होती. एका मुलाने विचारले, “सर, हे जहाज अजून चालतं का?” मी नाही म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “मग याला गंज किती दिवसांत लागेल?” त्या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव संग्रहालय बंद झाले. खाजगी भांडवलाच्या साह्याने ते कायम करण्याचे प्रयत्न फळास आले नाहीत. नौका सुमारे ६० कोटी रुपयांस विकली गेली. न्यायालयातील अर्जांचाही उपयोग झाला नाही. आणि २०१४ च्या नोव्हेंबरात ती मोडण्यास प्रारंभ झाला. ‘विराट’ची कथा याहून वेगळी नाही. तिचे सिंधुदुर्गच्या समुद्रात संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेस महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि दोन वर्षांनी ती नौका अलंगच्या किनाऱ्यावर मोडीस लागली.

हळहळ करणारे २०१४ च्या निर्णयास दोष देतात. मला तसे वाटत नाही. २०१४ मध्ये निवडण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. निर्णय झाला तो त्यापूर्वीच्या पंधरा-सोळा वर्षांत, दर पावसाळ्यात थोडाथोडा झाला. पाण्यात उभ्या असलेल्या पोलादास छावणी मिळाली नाही, नेमून दिलेला वसूल मिळाला नाही. जुने राखावे की मोडावे, हा प्रश्न सभेत मांडला जातो तेव्हा बहुधा त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. ज्यांनी शाकारणी चुकविली त्यांनी तो लाविलेला असतो.

म्हणून नवे घेणे नेहमीच चूक, असे मी म्हणत नाही. जीर्ण झालेले झाड धन्यास मोबदला देऊन तोडावे, ही मुभा आज्ञापत्रानेच दिली आहे. जिच्या बुडाचा भरवसा नाही अशा नौकेत केवळ प्रेमापोटी माणसे बसविणे हा अधर्म होय. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे बांधलेली नवी ‘विक्रांत’ सेवेत आली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु नव्या नौकेसही पहिल्याच वर्षापासून गोदी लागते. जो जुनी राखू शकत नाही, त्याची नवीही लवकरच जुनी होते.

आमच्या शाळेपुरते सांगावयाचे तर, बैठकीपूर्वी मी एका वृद्ध सुतारास छपरावर चढविले. आढे शाबूत, वासे नऊ कुजलेले, रिपा बहुतेक बदलाव्या लागतील, असा त्याने निर्वाळा दिला. मग त्याने मला विचारले की, कौले शेवटची केव्हा उतरविली होती? मी दप्तर पाहिले. आठ वर्षांत त्या कामाची एकही नोंद नव्हती, आणि त्या आठही वर्षी मुख्याध्यापक मीच होतो.

वासे बदलण्याचे ठरले आहे. त्याबरोबरच मी अंदाजपत्रकात एक नवे कलम घातले असून ते दरसाल राहावे असा ठराव करून घेतला आहे. कलमाचे नाव ‘शाकारणी’ असे ठेविले आहे.